नऊ चाळीसचा फोन

वडील व्हिजिट व्हिसावर दुबईला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत तीन सदरे, औषधांचा डबा आणि गरीच्या दोऱ्याची दोन रिळं होती. आईला जाऊन सहा महिने झाले होते. गावात एकटं राहण्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती, तक्रार होती ती माझी. आमचं गाव रत्नागिरीच्या खाली, अगदी किनाऱ्यावर. तिथे त्यांनी चाळीस वर्षं तांडेलकी केली. होडीचा मालक कुणीही असो, समुद्रात गेल्यावर शब्द चालायचा तो तांडेलाचा. अशा माणसाला मी समुद्रापासून लांब, सिलिकॉन ओएसिस वसाहतीतल्या नवव्या मजल्यावर आणून ठेवलं आणि वर अपेक्षा केली, की आता त्यांनी सुखात राहावं.

घरात सगळेच त्यांना अब्बा म्हणायचे, माझी एकोणीस वर्षांची लेकसुद्धा. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. ती इंग्रजीत बोलायची, ते मराठीत, आणि अडलं की दोघंही मोडक्या हिंदीवर यायची. तरी माझ्यापेक्षा त्या दोघांचं जास्त जमायचं. जेवण झालं की ती त्यांच्यासमोरचं ताट उचलत विचारायची, "अब्बा, खलास?" पहिल्या दिवशी ते दचकले. "अगं, आल्या आल्या मला खलास करतेस होय?" तिला काही कळलं नाही. इथे खलास म्हणजे झालं, आटोपलं. होमवर्क खलास, मीटिंग खलास, भांडण खलास. मीसुद्धा दिवसातून पन्नास वेळा तसंच म्हणतो. मी अर्थ सांगितल्यावर अब्बा हसले. पण तो शब्द त्यांच्या कानाला काही रुचला नाही, कारण आमच्याकडे खलास होतो तो माणूस.

माझं ऑफिस देराला. काही दिवस सकाळी मी त्यांना सोबत नेऊन खाडीवर लाकडी गलबतं लागतात तिथे सोडायचो. ते तिथल्या खलाशांशी हिंदीत गप्पा मारायचे, गाठी तपासायचे, कुणाची चूक निघाली की बोलून दाखवायचे. दुपारी माझ्याबरोबर जेवायचे आणि गाडीत बसून मासळी बाजारावर टीका करायचे. "साठ दिरहम किलो! म्हणजे चौदाशे रुपये! आणि डोळे बघितलेस का त्याचे? कधी मेलाय कुणास ठाऊक." दीड महिन्याने मात्र त्यांचं बोलणं कमी झालं. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "मला समुद्रावर ने."

"परवाच तर बीचवर गेलो होतो."

"बघायला नाही रे. आत."

माझ्या एका मित्राची उम्म अल क्वैनला छोटी फायबरची बोट होती. तो सुट्टीवर गावी गेला होता आणि किल्ली माझ्याकडे ठेवली होती. त्याच्याबरोबर मी आठ-दहा वेळा मासे धरायला गेलो होतो. बोट चालवायचं कार्ड माझ्याकडे होतं, मासेमारीचं परमिट मात्र त्याच्या नावावर. आपण काय, दोन तास गरी टाकणार आणि परत येणार, असं मी स्वतःलाच समजावलं. एप्रिलच्या एका गुरुवारी रजा टाकली.

पुढचं मी क्रमाने सांगतो, कारण मला ते त्याच क्रमाने रोज आठवतं.

अब्बांना साखरेचा त्रास होता. पहाटे नमाज झाली की इन्सुलिन घ्यायचे आणि त्यानंतर अर्ध्या तासात पोटभर नाश्ता, हा नेम बायकोने कडक पाळला होता. त्या दिवशी त्यांनी घरी इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता वाटेत करायचा ठरला. जेट्टीजवळच्या कॅफेटेरियात पराठा आणि अंडं मागवलं. अर्धा पराठा झाला असेल, मी घड्याळ बघायला लागलो. उजाडत होतं. "अब्बा, राहिलेलं बोटीत खा. डबा आहेच." तेही उतावळे झाले होते, लगेच उठले. बायकोने दिलेला अंडी, पाव आणि खजुराचा डबा गाडीच्या मागच्या सीटवर राहिला. मी बर्फाची पेटी घेतली, पाणी घेतलं, कोलाचे चार डबे घेतले, गाडी लॉक केली. तो डबा मला आरशात दिसला असणार. दिसला नाही, असं मी म्हणू शकत नाही.

जेट्टीवर एक म्हातारा अरब जाळं आवरत होता. अब्बांनी तोंड वर करून वारा घेतला आणि सवयीने म्हणाले, "मतलई." पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो वारा. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, तोच. म्हाताऱ्याने मान वर केली आणि पूर्वेकडे हात करून म्हणाला, "मतलई, मतलई." अरबांकडेही शब्द तोच. बस, एवढंच. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याच्या भाषेतलं आणखी काही येत नव्हतं. अब्बा इतके खूश झाले, की बोटीत चढताना त्यांनी माझा हातसुद्धा धरला नाही.

समुद्रावर पहिले तीन तास ते पुन्हा माझ्या लहानपणीचे अब्बा झाले होते. मी सांगेन ती जागा त्यांना पसंत पडेना. पाण्याचा रंग बघून, दोरा खाली सोडून तळ चाचपून, त्यांनी स्वतः जागा ठरवली. किनाऱ्यापासून सहा-सात किलोमीटरवर. खाली खडक होता. नांगर टाकला आणि वीस मिनिटांत त्यांनी एक गोब्रा वर काढला. इथे त्याला हमूर म्हणतात आणि लग्नात वाढतात. मग दुसरा, आणखी मोठा. दोरा बोटांतून सरकत होता, बोट कापत होतं, आणि ते तोंडाने त्या माशाला समजावत होते. मी फोनवर सगळं शूट करत होतो. लेकीला दाखवायचं होतं. बॅटरी संपत आली तेव्हा कुठे थांबलो.

नऊच्या सुमाराला मी म्हटलं, चला, निघू या. नांगर निघेना. खडकात अडकला होता.

"ढील दे," अब्बा म्हणाले. "होडी वळसा घालून पलीकडे ने आणि तिकडून ओढ. जोर करू नकोस."

"मला माहितीये, अब्बा."

"माहिती आहे तर जोर का करतोस?"

मला राग आला. माझा राग असाच आहे, क्षणात येतो आणि काहीतरी मोडून जातो. आठवडाभर ऑफिसात सगळे मला शिकवतात, आता इथेही तेच, असं काहीतरी डोक्यात आलं. मी दोर बांधलेलाच ठेवला आणि इंजिनला पूर्ण जोर दिला. बोट पुढे झेपावली, गचका बसला आणि दोर तुटला. तुटलेलं टोक उसळून मागे पाण्यात पडलं आणि इंजिनच्या पंख्यात गुरफटलं. आतून कडकड आवाज आला, इंजिन बंद पडलं.

अब्बांनी सुरी काढून पाण्यात हात घातला आणि पंख्याभोवतीचा दोर कापून मोकळा केला. इंजिन चालूही झालं. पण आत काहीतरी तुटलं होतं. इंजिन गरगरत होतं, पंखा फिरत नव्हता. नांगर तळाशी राहिला होता. आणि मतलई आम्हाला हळूहळू बाहेर ढकलायला लागला होता.

मी तेव्हाच कोस्ट गार्डला फोन करायला हवा होता. नंबर बोटीवरच चिकटवलेला होता. परमिट मित्राचं, अब्बा व्हिजिटवर, समोर पेटीत दोन मोठे मासे. दंड होईल, मित्राची बोट अडकेल, ऑफिसपर्यंत बातमी जाईल. आधी घरी सांगू, बायको कुणाला तरी जेट्टीवर पाठवेल, गुपचूप ओढून नेतील, असा हिशोब मी केला. फोनवर चार टक्के उरले होते. अब्बांचा फोन घरी चार्जिंगला. बायकोने उचलला नाही. मग लेकीला लावला. नऊ चाळीस झाले होते.

"पप्पा? आय कान्ट हिअर यू."

"अगं ऐक, इंजिन..." वारा फोनमध्ये घुसत होता. मी ओरडलो, "खलास! खलास झालं सगळं! मम्मीला सांग, लगेच सांग!"

पलीकडून तुटक तुटक आवाज आला. "ओके... आय'ल टेल मम्मी..." पुढे आणखी काहीतरी, त्यात फिश असा शब्द. मग स्क्रीन काळी झाली.

"निरोप गेला," मी अब्बांना म्हटलं. "येतील कुणीतरी तासाभरात."

अब्बांनी मान हलवली आणि गरी गुंडाळायला घेतली. मला जरा बरं वाटलं. मी पाणी प्यायलो, त्यांनाही दिलं. बोटीवर उन्हासाठी कापडी छत होतं, चार नळ्यांवर ताणलेलं. त्याखाली आम्ही बसलो आणि किनाऱ्याकडे बघत राहिलो. किनारा म्हणजे आता वाळूची एक रेघ आणि दोन-चार उंच इमारती. मी वल्हं मारून बघितलं. एकच वल्हं होतं. बोट जागच्या जागी फिरायची, आणि हात दमले की आम्ही आणखी थोडे बाहेर गेलेले असायचो.

साडेदहाला अब्बांना घाम फुटला. वारा होता, सावली होती आणि कपाळावरून घाम ओघळत होता. हात थरथरत होते. "साखर उतरतेय," ते म्हणाले, एखाद्या परक्या माणसाबद्दल बोलावं तसं. "काही गोड आहे का?"

मी डबा शोधला. दोनदा शोधला. मग तो कुठे राहिला ते मला आठवलं आणि मी बर्फाच्या पेटीशी जाऊन कोला काढला. डबा फोडून त्यांच्या तोंडाला लावला, त्यांनी चार घोट घेतले, आणि तेवढ्यात माझं लक्ष डब्यावरच्या अक्षरांकडे गेलं. डाएट. साखर शून्य. आमच्या घरात सगळ्यांना साखरेची भीती, म्हणून आम्ही दुसरा कधी आणतच नाही. चारही डबे तेच. मी मित्राची पेटी उपसली. गळ, शिसं, पाने, गंजलेली पक्कड, एक फाटका हातमोजा. मदतीसाठी पेटवायची उजेडाची नळकांडी, शिटी, जे असायला हवं त्यातलं काहीही नाही. निघण्यापूर्वी मी ती पेटी उघडून बघितलीच नव्हती.

"तासाभरात येतील," मी पुन्हा म्हटलं.

अब्बांनी कोलाचा डबा बाजूला ठेवला. मग विचारलं, "पोरीला काय म्हणालास तू?"

"म्हटलं ना, खलास झालं, मम्मीला सांग."

"खलास म्हणालास?"

"हो."

"अरे," ते अगदी हळू म्हणाले, "ती जेवण झालं की खलास म्हणते."

त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. तो तुटक आवाज माझ्या कानात पुन्हा वाजला आणि या वेळी मला सगळा ऐकू आला. मासेमारी आटोपली, निघतोय, मम्मीला सांग. ओके, आय'ल टेल मम्मी. आणि ते फिश. तिला मासे तळून हवे होते. कुणीही येणार नव्हतं. घरी सगळे निवांत होते आणि आम्ही जेवायला कधी येतो याची वाट बघत होते. वीस वर्षं मी तो शब्द इथल्या माणसांसारखा वापरत आलो होतो. जीव घाबरला तेव्हा मात्र जीभ गावाकडे गेली. मी मोठ्याने शिव्या दिल्या. कुणाला दिल्या ते आठवत नाही. लेकीलाही दिल्या असतील.

अकराच्या पुढे-मागे एक पांढरी बोट दिसली. मोठी, गाणी लावलेली, वर सात-आठ माणसं. मी शर्ट काढून हलवला, ओरडलो, वल्हं उंच धरून नाचवलं. त्यांनी बघितलं. त्यांतल्या दोघींनी हात हलवले, एकाने हातातला ग्लास उंच केला, आणि बोट निघून गेली. मी खाली बसलो आणि रडलो. बावन्न वर्षांचा माणूस बापासमोर हमसून हमसून रडलो, आणि बाप म्हणाला, "रडू नको, पाणी जातं अंगातलं."

मी गोब्रा कापला आणि त्याचा कच्चा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. त्याने साखर वाढत नाही हे मला माहीत होतं. तरी घातला. त्यांनी थोडा चावला आणि थुंकून टाकला. आता त्यांचं बोलणं अडखळत होतं, जीभ जड झाली होती. मधेच ते आईला हाक मारायचे, मधेच ठणठणीत शुद्धीवर यायचे.

शुद्धीवर असताना त्यांनी मला काय करायचं ते सांगितलं. दुपारी वारा थांबेल. मग फिरेल. खारा वारा सुटेल, समुद्राकडून जमिनीकडे. तोवर शीड तयार ठेव.

"कसलं शीड, अब्बा? आपल्याकडे शीड कुठे आहे?"

त्यांनी डोळ्यांनी वर दाखवलं. छताचं कापड.

ते कापड काढलं तर त्यांच्या डोक्यावर ऊन येणार होतं. एप्रिलचं भरदुपारचं ऊन, घामाने निथळलेला सत्तरीपार माणूस. नाही काढलं तर आम्ही तिथेच डुलत बसणार होतो. मी म्हटलं, वारा फिरेपर्यंत राहू दे. ते चिडले. किती वर्षांनी माझ्यावर ओरडले! "वारा फिरल्यावर गाठी मारत बसणार काय? काढ आधी!" मी कापड काढलं. माझा शर्ट भिजवून त्यांच्या डोक्यावर घातला. छताच्या दोन नळ्या दोरीने एकमेकींना बांधून त्यांची काठी केली आणि बोटीच्या पुढच्या बाजूला उभी केली. वल्हं आडवं बांधून त्याला कापड लावलं. माझ्या गाठी सुटत होत्या. त्यांची बोटं थरथरत होती तरी त्यांनी त्यातल्या दोन स्वतः मारल्या. त्या दोन शेवटपर्यंत सुटल्या नाहीत.

मग वारा पडला. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं. तो अर्धा-पाऊण तास मी कसा काढला, हे मला धड लिहिता येत नाही. कापड लोंबत होतं. अब्बांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी अल्लाला म्हटलं, माझी नोकरी ने, घर ने, काय वाटेल ते ने, पण वारा दे. सौदा करावा तसं मी बोलत होतो आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. साडेबाराच्या सुमाराला गालाला गार लागलं. वायव्येकडून. कापड एकदा फडफडलं, पडलं, पुन्हा फडफडलं आणि फुगलं.

"आला," मी म्हटलं. "अब्बा, आला!"

"पाठीवर घे," ते डोळे मिटूनच म्हणाले. "तोंडावर नको. पाठीवर घे."

बंद इंजिनचा दांडा सुकाण्यासारखा वळवता येत होता. मी तो एका हाताने धरला, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. बोट चालायला लागली. जोरात नाही, माणूस चालतो तशी. पण किनाऱ्याच्या दिशेने. एक वाजता वारा वाढला, लाटा मागून यायला लागल्या, आणि दर लाटेला बोट आडवी व्हायला बघायची. अब्बा सांगत होते. ढील दे. आवळ. आता सोड. त्यांना दिसत काहीच नव्हतं, डोक्यावर ओला शर्ट होता. बोटीच्या हलण्यावरून ते ओळखत होते. मध्येच मला कुणीतरी भलताच समजायचे, पूर्वीच्या त्यांच्या होडीवरचा एखादा खलाशी, आणि म्हणायचे, "गाढवा, पोरगा कुठाय माझा? त्याला आत बसव, भिजेल." मी म्हणायचो, बसवलाय. ते म्हणायचे, बरं.

दीडनंतर ते बोलेनासे झाले.

मी हाका मारल्या. गालावर चापट्या मारल्या, बापाला. त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते, श्वास घोरल्यासारखा चालला होता. दांडा सोडला तर बोट आडवी होणार, आणि दांडा धरला तर त्यांना सावरायला हात नाही. मी त्यांना दोन्ही पायांत आवळून धरलं आणि बोट हाकत राहिलो. मोठमोठ्याने बोलत राहिलो. इमारती दिसतायत अब्बा. आता खिडक्या दिसतायत. आता रस्त्यावरच्या गाड्या दिसतायत. आता माणसं. ते सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. किनारा इतका जवळ आणि बोटीचा वेग इतका कमी, की उडी मारून पोहत जावं असं वाटत होतं. पण त्यांना सोडून कुठे जाणार?

अडीचच्या पुढे बोट वाळूला लागली. तिथे पाण्याचा एक टँकर उभा होता आणि त्याचा पठाण ड्रायव्हर सावलीत चहा पीत बसला होता. मी नुसतंच ओरडलो, "शुगर! शुगर!" तो माणूस धावत आला. काही न विचारता त्याने साखरेची पुडी फोडली, बोट चहात बुडवून साखरेला लावलं आणि अब्बांच्या हिरड्यांवर चोळायला लागला. तोच फोन करत होता, तोच मला सांगत होता, "रोना नहीं, भाई, अभी आता है, अभी आता है." ॲम्ब्युलन्स लवकर आली. त्यांनी हाताला सुई लावली, साखर चढवली. अब्बांनी डोळे उघडले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये बायको आणि लेक पोचल्या तेव्हा पाच वाजले होते. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, की मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिलाय, वय झालंय, ऊनही लागलंय, आपण वाट बघू या. बायको माझ्याजवळ बसली. माझी पाठ उन्हाने सोलली होती, तिने तिथे हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. मग विचारलं, "पण सकाळी तर सगळं ठीक होतं ना? ही म्हणाली, तुमचं आटोपलं, निघालात. मला वाटलं वाटेत कुठे जेवायला थांबलात."

लेक समोर उभी होती. तिचे डोळे माझ्यावर होते. ती मूर्ख नाही. तिच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटायला लागला होता, आणि तो पूर्ण व्हायच्या आत मी बोललो.

"हो," मी म्हटलं. "फोन केला तेव्हा सगळं ठीक होतं. अर्ध्या तासाने इंजिन बंद पडलं. फोन तेव्हा संपलेला."

तिचे खांदे खाली आले. ते मी बघितलं. त्या दिवसभरात माझ्या हातून झालेलं एकच धड काम, आणि ते खोटं होतं.

अब्बा चौथ्या दिवशी दुपारी गेले. त्यांना गावी न्यायचं की इथेच, यावर फोनवर भावांशी बोलणी झाली आणि इथेच ठरलं. कबरस्तान समुद्रापासून बरंच आत आहे. वाळू आहे, पण कोरडी.

तीन दिवस घरी माणसं येत होती. लेक पाहुण्यांना पाणी देत होती, आणि कुणी विचारलं की सांगत होती. मी आतल्या खोलीतून ऐकायचो. "ही वॉज सो हॅपी दॅट मॉर्निंग. पप्पांनी कॉल केला होता, ही सेड खलास, दे वेअर डन. आय टोल्ड हिम आय वॉन्ट फिश फ्राय." दर वेळी ती हेच सांगायची, आणि दर वेळी ते सांगताना तिला थोडं बरं वाटायचं. बायका तिला जवळ घ्यायच्या. म्हणायच्या, नशीबवान आहेस, त्यांची शेवटची खुशाली तुलाच कळली. मला वाटायचं, उठावं आणि भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

दोष माझा आहे. तो नांगर मी ओढला, तो डबा मी विसरलो, तो नंबर मी फिरवला नाही, आणि मदत मागताना सरळ मदत हा शब्दही मला सुचला नाही. हे सगळं मी तिला सांगू शकतो. पण ते सांगितलं की नऊ चाळीसचा फोन आलाच, आणि तो आला की काहीही म्हटलं तरी ती उरलेलं आयुष्य तेच एक वाक्य ऐकत बसेल. मला ठाऊक आहे ते कसं असतं. म्हणून हे मी मराठीत लिहितोय. तिला मराठी कळतं, अडखळत बोलताही येतं, पण वाचता येत नाही. किती वर्षं मी तिच्या मागे लागलो होतो, सुट्टीत शिक, रोज अर्धा तास बस, आपली भाषा आहे. ती बधली नाही, आणि आता त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

गेल्या आठवड्यात मी भांडी घासत होतो आणि ती टॉवेल घेऊन शेजारी उभी होती. म्हणाली, "पप्पा, आय वॉन्ट टु लर्न मराठी. टु रीड. अब्बांसाठी. विल यू टीच मी?"

नळ चालू होता. मी तो बंद केला नाही.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

आखातात वाढलेल्या पोरांना बापाच्या इन्शाल्लाचा अर्थ बरोबर कळतो. ती हसली. "दॅट मीन्स नो, पप्पा." मग हसू आवरून म्हणाली, "व्हाय नो?"

मी तिच्या हातात पुढची प्लेट दिली.